मळकट सांधा

अर्जाच्या अकराव्या पानावर विचारलंय :
वस्तू उघडायला किती वेळ लागतो?
हत्यार कोणतं?
उघडणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी का?

मी लिहिते : चार स्क्रू, सगळे एकाच मापाचे.
गोंद नाही. बॅटरी बोटानं निघते.
आणि पेन अडतं 'व्यक्ती' या शब्दावर.

साडेदहा वाजलेत. उद्यमनगरात
शेजारचं लेथ अजून फिरतंय.
टेबलावर आमचा रेडिओ, नमुना क्रमांक नऊ,
चारशे तासांच्या चाचणीला बसवलेला;
दिवसभर गुळाचे भाव सांगून
आता नुसता खरखरतोय.
डबा जुन्या मिक्सरांच्या वितळवलेल्या कवचांचा.
रंग आम्ही निवडला नाही. जो निघाला तो ठेवला,
नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीचा.

आण्णाप्पा मेस्त्रींनी पहिला सांधा मारला
आणि भिंगातून बघून तोंड वाकडं केलं :
"चमक न्हाई. कच्चा हाय."
चाळीस वर्षं त्यांचा सांधा आरशासारखा.
साठ-चाळीसची तार, दातांत धरलेली,
एकशे त्र्याऐंशीला लोण्यागत वितळणारी.
ही नवी दोनशे सतरा मागते,
आणि वर दिसते कशी, तर न घासलेल्या तव्यासारखी.
मी म्हटलं, ह्यात शिसं नाही ना, म्हणून.
ते जरा थांबले.
"म्हंजे आमी इतकी वर्सं खाल्लं, ते?"
मी बॅचचा नंबर लिहीत राहिले.

नमुना आठ घेऊन मी गुजरीच्या मागे गेले होते,
खातूनबी झारींकडे.
सोनारांच्या उंबऱ्यावरची धूळ, गटारीतला गाळ
पाटीत घोळवून घोळवून
त्या कोंड्याएवढं सोनं वेगळं काढतात.
हल्ली मुलगा पोत्यानं बोर्डं आणतो, फुटक्या मोबाईलची,
आणि परसात तेजाब उकळतं.
त्यांच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत.
रेशनच्या मशीननं दोनदा परत पाठवलं :
तुम्ही तुम्ही नाही.

मी म्हटलं, फोडून दाखवा.
त्यांनी फोडला नाही. आठाण्याच्या नाण्यानं उघडला,
एक्कावन्न सेकंदांत,
आणि एकेक भाग बाजूला ठेवला, डाळ निवडावी तसा.
मला आनंद झाला. तो मी लपवलाही नाही.
मग बोर्ड त्यांनी उजेडात धरला,
अंगठ्यानं घासला, पालथा केला, पुन्हा घासला :
"ह्यात माज्यासाठी काय ठेवलंयस गं?"

सोनं आम्ही कमी केलं होतं. चांदी जवळजवळ नाहीच.
त्याचे अर्जात दोन गुण मिळतात.

चहा झाला. बकरीनं वायरीचा तुकडा चघळला,
तो तिच्या तोंडातून काढण्यात थोडा वेळ बरा गेला.

म्हणून नमुना नऊच्या झाकणात, आतल्या बाजूला,
साच्यातच कोरून घेतलंय :
उघडून आणून देणाऱ्यास साठ रुपये.
बाहेरून दिसत नाही. विकत घेणाऱ्यासाठी नाहीच ते.
भागीदार म्हणतो, साठ रुपयांनी रेडिओ महाग झाला,
आणि तो चुकीचं बोलत नाही.
पुण्याच्या प्रयोगशाळेतला माणूस सोमवारी येईल,
तो विचारेल ही ओळ कोणत्या कलमाखाली,
तेव्हा मला काही सुचलं तर बरं.

व्यक्ती प्रशिक्षित असावी का?
होय, मी लिहिते.
खाली बारीक अक्षरात : पुरावा जोडा.

लेथ थांबलं. त्याबरोबर रेडिओची खरखर
खोलीभर मोठी झाली.
नमुना आठचा बोर्ड अजून खणात आहे.
त्यावर एक डाग, अंगठ्याएवढा,
एकही रेषा नसलेला.
साफसफाईत पुसून टाका, म्हणाले होते सगळे.
मी तो पाकिटात घालते,
पाकिटाला गोंद लावत नाही.